सफरचंदाच्या पेटीवरून निवडलेला देश

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर फळांचे स्टिकर आहेत. सफरचंदावर, किवीवर, संत्र्यावर नखाएवढे स्टिकर असतात ना, ते. माझी चार वर्षांची मुलगी ते सोलून काढते आणि हात पोचेल तिथपर्यंत चिकटवते. फळं आणतात माझे सासरे. आमच्या साताऱ्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांनी तुर्भ्याच्या फळ मार्केटात तीसेक वर्षं पाठीवर पेट्या वाहिल्या. काम सोडून दोन वर्षं झाली, तरी सकाळचा चहा त्यांना मार्केटातच लागतो, आणि येताना खिशात एखादं फळ असतंच.

त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात कुठल्या देशात राहायला जायचं हे ठरवायला आम्ही बसलो, तेव्हा कपाटाच्या दाराचंही मत विचारात घेतलं गेलं. मी गमतीने लिहीत नाही, खरंच तसं झालं.

नवरा जासईला एका कंटेनर यार्डात आहे. फळं, मासळी, औषधं ज्या गार कंटेनरांतून येतात-जातात, त्यांची यंत्रं बिघडली की तो दुरुस्त करतो. आयटीआय केलेला, हाताने फार हुशार. त्याच्या यार्डातले दोघे जण परदेशात गेले आणि तिथून बर्फाचे, मोकळ्या रस्त्यांचे आणि का कोण जाणे, दुधाच्या मोठमोठ्या कॅनचे फोटो पाठवू लागले. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना भाजीबरोबर देशही वाढले जाऊ लागले.

शेवटी आम्ही वाशीला एका एजंटाच्या ऑफिसात गेलो. एजंट तरुण होता, भराभर बोलत होता.

"न्यूझीलंड, कॅनडा, जर्मनी. तिन्हीकडे तुमच्या कामाला माणसं पाहिजेत, सर. पण फाइल एकाच देशाची करायची. महिनाअखेरपर्यंत सांगा. न्यूझीलंडची एक कंपनी आत्ताच माणसं शोधतेय. सगळं जमलं तर दिवाळी तिकडे. कॅनडा थोडं पुढं-मागं. जर्मनीला आधी भाषा शिकावी लागेल, दीड वर्ष धरून चाला."

मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही डिपेंडंट म्हणून जाल. तुम्हाला काहीच करायचं नाहीये."

मी मान हलवली. तो चांगल्या मनानेच बोलला होता.

पण मला काहीतरी करायचं होतं. मी नुकतीच बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती. लग्नानंतर, मुलगी झाल्यानंतर, सव्विसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. माहेरी बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, सासरी कॉलेजच्या दारातून आत जाणारी मीच पहिली. वर्गातली मुलं मला ताई म्हणतात. पहिल्या दिवशी एका सरांनी "पालकांनी बाहेर थांबावं" असं मला अगदी आदराने सांगितलं होतं. सकाळच्या वेळात मामा मुलीला बालवाडीत सोडतात-आणतात, म्हणून मला लेक्चरला बसता येतं. आता एकच वर्ष राहिलं होतं. दिवाळीला गेलो असतो तर ते अर्ध्यात तुटलं असतं.

हे मी घरात बोलले नाही. का, ते नीट सांगता येत नाही. नवऱ्याला इतकी मोठी संधी समोर दिसत होती. तिच्यासमोर माझं एक वर्ष मी मोठ्याने म्हटलं असतं, तर ते माझ्याच कानाला लहान ऐकू आलं असतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू कॉलेजला आहेस ना? मग तूच अभ्यास कर आणि सांग कुठला देश ते."

आमच्या घरात हे वाक्य कुठलाही कागद आला की येतं. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, मुलीचं लसीचं कार्ड. पण देश पहिल्यांदाच आला होता. मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर जरा खूशही झाले.

अर्थशास्त्राच्या बाईंनी एकदा शिकवलं होतं की निवड करताना मुद्दे काढावेत आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यावेत. मी फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या. वर तीन देश. बाजूला मुद्दे : नवऱ्याचं काम, मुलीची शाळा, हवामान, घरभाडं, दवाखाना, भाषा, मामांना भेटायला येण्याचं अंतर, आसपास मराठी माणसं. दोन आठवडे कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून वाचलं, जे कळलं नाही ते बाईंना विचारलं आणि पेन्सिलीने गुण भरले. बेरीज केली. न्यूझीलंड पहिलं, कॅनडा दुसरं, जर्मनी बरंच मागे.

त्या बेरजेकडे मी थोडा वेळ बघत बसले. मग खोडरबर घेतला.

भाषेत जर्मनीला दोन दिले होते. पण नवीन भाषा शिकणं मुलीच्या डोक्याला चांगलंच की, म्हणून सात केले. अंतर? न्यूझीलंड किती लांब! तिथले दोन कमी केले. कॅनडातली थंडी वाईट, तिथे दोनच ठेवले. मी खोटं लिहितेय असं एकदाही वाटलं नाही. प्रत्येक वेळी खोडताना मला एक चांगलं कारण सापडत होतं. शिक्षणाचा हा उपयोग मला आधी कुणी सांगितला नव्हता. शेवटी जर्मनी पहिलं आलं. जर्मनी म्हणजे दीड वर्ष, आणि दीड वर्षात माझी परीक्षा होऊन गेली असती. मी सगळ्यावर पेनने गिरवलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तक्ता जमिनीवर पसरला. सासूबाई गेल्यापासून आम्ही घरात चौघंच. मुलगी कागदावर बसू बघत होती, तिला उचलून मामांच्या मांडीवर दिलं.

"जर्मनी," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच होता.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "जर्मन शिकायची? मी? अगं, सुट्टीचा अर्ज इंग्लिशमध्ये लिहायला मला तू लागतेस."

"मी शिकवीन."

"तुला येतं?"

"शिकून शिकवीन."

मामांनी विचारलं, "जर्मनीचं कंचं फळ येतं गं?"

आम्ही सगळ्यांनी कपाटाकडे बघितलं. मुलीने उठून दारावर बोट फिरवलं, जसं काही तिला वाचताच येतं. "नाही आजोबा. जर्मनी नाही."

"मग मला त्यातलं काय कळायचं न्हाय," मामा म्हणाले. "ज्याची पेटी उचलली न्हाय, त्या गावची माणसं कशी हायत ते कसं सांगू?"

नवरा हसला. "आबा, पेटीवरून माणसं कळतात का?"

"न कळायला काय झालं? एका देशाची पेटी यायची, नाव घेत न्हाय. वर बांधलेली प्लास्टिकची पट्टी अशी धारेची, की संध्याकाळी भाकरी मोडताना बोटं चुरचुरायची. आन् ही न्यूझीलंडची बघ." त्यांनी हवेतच पेटी धरली. "दोनी बाजूंना हात घालायला भोक. आपल्याकडं बी पाडत्यात भोकं, पण ह्यांचा पुठ्ठा आत मुडपलेला. बोट कापत न्हाय. म्हंजे तिथं कुणीतरी बसून इचार केलाय, की ही पेटी शेवटी कुणाच्या तरी हातानं उचलायची हाय. मला त्यानं बघितलेलं न्हाय, मी त्याला बघितलेलं न्हाय. पर माझ्या बोटांचा इचार केला."

"आणि कॅनडा?" नवऱ्याने मुद्दाम डिवचलं.

"कॅनडाचा वाटाणा येतो धान्य मार्केटात. पर गोणी इथंच भरत्यात, आपलीच. गोणीवरून त्यांना नावं ठेवणं बरं न्हवं."

मला हसू आलं, आणि तितकाच राग. दोन आठवडे मी लायब्ररीत डोळे फोडले होते आणि इथे पुठ्ठ्याचं भोक जिंकत होतं. मी म्हणाले, "मामा, माझ्या तक्त्यात आठ मुद्दे आहेत."

"बघू की." त्यांनी चष्मा लावला. मामांची शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे ते उलटे धरूनही वाचतात. बोट एकेका ओळीवरून सरकत हवामानावर येऊन थांबलं.

"कॅनडाची थंडी दोन. जर्मनीची थंडी आठ. का गं? तिथला बर्फ कोमट हाय का?"

नवरा खो-खो हसला. माझे कान गरम झाले. मामा मात्र हसले नाहीत. त्यांचं बोट परत वर गेलं आणि पहिल्यापासून ओळी मोजत खाली आलं.

"हे ह्याचं काम. ही पोरीची शाळा. हे माझं, यायचं-जायचं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझी वळ कुठं हाय?"

मी कागदाकडे बघितलं. खरंच नव्हती. आठ ओळींत सगळे होते, आम्हाला कधी न भेटलेली मराठी माणसंसुद्धा होती, मी नव्हते. म्हणूनच मी सगळ्यांच्या ओळींत थोडी थोडी शिरले होते.

मग मी सांगितलं. एका दमात नाही, अडखळत. की एक वर्ष राहिलंय. की दिवाळीला गेलो तर ते राहून जाईल. की आधीची बेरीज वेगळी होती आणि मी ती खोडली.

नवऱ्याने कागद उजेडाकडे धरून खोडलेल्या जागा बघितल्या. मग म्हणाला, "एवढंच बोलायचं होतं तर चार शब्द पुरले असते. तू मला जर्मन शिकायला लावत होतीस!"

"तुम्हाला दिवाळीला जायचंय ना."

"जायचंय. पण म्हणून मला विचारायचंच नाही?" आता त्याच्या आवाजात हसणं नव्हतं. "एजंट म्हणाला, मॅडमला काही करायचं नाही, तेव्हा तू मान हलवलीस. मला वाटलं, चालतंय तुला."

मुलीने विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले?" मी म्हणाले, न्यूझीलंडला आत्ता रात्र आहे, तिथे दिवस आपल्या आधी उजाडतो. "मग माझा बड्डे पण आधी येणार?" हो म्हटल्यावर तिच्यापुरता देश ठरला.

नवा कागद घेतला. या वेळी गुण मी एकटीने दिले नाहीत, तिघांनी भांडून दिले. नववी ओळ नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली : तुझं कॉलेज. जर्मनीला त्या ओळीत दहापैकी दहा मिळाले, न्यूझीलंडला दोन. तरीही बेरजेत न्यूझीलंडच पुढे राहिलं. मला वाटलं, संपलं. निदान या वेळी बेरीज खरी होती.

नवरा कागदाकडे बघत म्हणाला, "देश ठरला. आता कधी जायचं ते राहिलं. ते या तक्त्यात कुठे विचारलंयस?"

तेही मी विचारलं नव्हतं.

सोमवारी त्याने माझ्यासमोरच एजंटाला फोन लावला, स्पीकरवर. "न्यूझीलंड. पण एप्रिलनंतर. बायकोची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे."

"सर, ही कंपनी थांबणार नाही. पुढच्या वर्षी जागा निघतील की नाही, गॅरंटी नाही देऊ शकत."

"चालेल," नवरा म्हणाला.

अगदी साध्या आवाजात म्हणाला. पण फोन ठेवल्यावर त्याने स्टूल घेतलं आणि व्यवस्थित चालणारा पंखा खोलून त्याची पाती पुसत बसला. मी खालून स्टूल धरून उभी राहिले. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "नापास झालीस ना, तर बघ."

आता माझं शेवटचं सत्र चालू आहे. यार्डातला आणखी एक जण दिवाळीच्या आधीच गेला, बहुतेक त्याच कंपनीत. त्याचे फोटो येतात तेव्हा नवरा ते मोठे करून बघतो आणि मला दाखवतो, मीही बघते. पुढच्या जागा निघतील का, एजंटालाही माहीत नाही. तोवर रविवारी मी नवऱ्याला व्हिसासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसवते. "मोकळ्या वेळात तुम्ही काय करता?" असं मी इंग्रजीत विचारते. तो मराठीत म्हणतो, "मोकळ्या वेळात बायको इंग्लिश शिकवते," आणि मग तेच वाक्य इंग्रजीत करायला घाम गाळतो.

गेल्या आठवड्यात मामा मार्केटातून एक रिकामी पेटी घेऊन आले. न्यूझीलंडच्या सफरचंदांची, आतून अजून गोड वास येणारी. त्यांनी ती माझ्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी ठेवली आणि पाय धुवायला गेले. आधी मुलगी तिच्यात बसली, तिला बाहेर काढल्यावर मी मागच्या दोन वर्षांची पुस्तकं आणि वह्या भरल्या. तळाशी दोन्ही तक्ते ठेवले, खोडलेलाही. मग दोन्ही भोकांत हात घालून पेटी उचलली आणि कपाटाशेजारी नेऊन ठेवली.

जड होती. पण मामा म्हणतात ते खरं आहे, बोटं कापत नाहीत.