हिरव्या टेबलावर काही ठेवू नका

कोऑर्डिनेटरच्या मोबाइलमध्ये फोटो कमी आणि डोक्यात किस्से जास्त साठतात. त्यात मी पटकन दचकणारी, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच! विद्यापीठांची संग्रहालयं आणि कलादालनं सांभाळणाऱ्या संचालकांसाठी आम्ही कर्वेनगरला पाच दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण घेतलं. हे त्यातलेच काही.

* * *

पहिल्या दिवशी ट्रेनर कुलकर्णी सर म्हणाले, "चहा इथेच घेऊ, गप्पा होतील." सगळेच्या सगळे संचालक उठून कप घेऊन बाहेर उभे! मला वाटलं, चहात काही पडलं की काय.

"वस्तू असलेल्या खोलीत आम्ही खात-पीत नाही," कलादालनाचे शेख सर म्हणाले.

"इथे कुठे आहेत वस्तू?"

शेख सरांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "ते चित्र आहे. वाईट आहे, पण चित्र आहे."

* * *

मग चेंडूचा खेळ. ज्याच्याकडे चेंडू, त्याने एक वाक्य बोलायचं आणि पुढे फेकायचा. चेंडू आला कांबळे मॅडमकडे. त्या जुन्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय बघतात. त्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला, खालून आधार दिला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"पास करा, मॅडम!"

"कुणाच्या सहीने?"

* * *

तिसऱ्या दिवशी जेवताना मॅडमनी सांगितलं, की त्यांच्या विद्यापीठाला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी आहे. शुक्रवारी कुलसचिव समारोपाला येणार, आणि जाताना मॅडमच्या दालनाला कुलूप लावणार. जाती, पाटे, समया, सगळं पोत्यात!

कुलकर्णी सरांनी लगेच 'नाही म्हणायचा' सराव घेतला. शेख सर झाले कुलसचिव. दोन मिनिटांत मॅडमनी दालन देऊन टाकलं. वर म्हणाल्या, "तिथला पंखा जरा हळू फिरतो, नवीन बसवून देते."

"मॅडम, नाही म्हणायचं होतं!"

"त्यांनी 'प्लीज' म्हटलं ना, सर."

"मला तर घाबरल्यासारखं झालं," शेख सर म्हणाले. "एवढ्या सहज मिळालं की माणूस विचारात पडतो."

* * *

चौथ्या दिवशी समारोपाची तयारी बघायला मी मॅडमच्या दालनात गेले. समारोप तिथेच होता. दाराशी एक हिरवं टेबल होतं. त्यावर माझा जेवणाचा डबा ठेवला आणि खुर्च्या मोजायला गेले. डबा पितळी, आईने कसबा पेठेतून घेतलेला. परत येते तर त्याला दोऱ्याने नंबर बांधलेला!

"अगं, देणगीच्या वस्तू त्या टेबलावर ठेवतात," मॅडम म्हणाल्या. "ठेवली की लगेच नोंदवहीत चढते. तसा नियमच आहे."

"पण मॅडम, तो माझा आहे! आत भेंडीची भाजी आहे!"

"भाजी घेऊन जा. वस्तू बाहेर न्यायला समितीचा ठराव लागतो."

"समितीची सभा कधी आहे?"

"अध्यक्ष निवृत्त झाले. नवे नेमलेलेच नाहीत."

भाजी मी कागदात बांधून नेली. आईला अजून सांगितलेलं नाही.

* * *

शुक्रवारी कुलसचिव आले. भाषण चांगलं केलं, वारसा वगैरे. मग पिशवीतून हे एवढं मोठं कुलूप काढलं.

"चला मॅडम, बाहेर या सगळे. दार ओढून घेतो."

मॅडम दाराकडे निघाल्या. कुलकर्णी सर मागून हातवारे करत होते, 'बोला, बोला!' मला इतकी धडकी भरली, की काहीतरी करायचं म्हणून मी पाहुण्यांच्या सहीचं रजिस्टरच साहेबांपुढे धरलं. एका हातात किल्ली, एका हातात कुलूप, सही कशी करणार? त्यांनी कुलूप हिरव्या टेबलावर ठेवलं.

सही करून वळतात तो मॅडम नोंदवहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कुलपाला व्यवस्थित दोरा बांधला.

"मॅडम, हे काय? कुलूप द्या इकडे!"

"नोंद झाली, साहेब. आता समितीच्या ठरावाशिवाय नाही देता येत."

"मग बोलवा समिती!"

"अध्यक्ष नाहीत."

"अहो, मग अध्यक्ष नेमतं कोण?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"आपण, साहेब. आणि ती किल्लीही ठेवा ना टेबलावर, प्लीज."