गरम तळहात

नाशिकला बाळंतपणाच्या वॉर्डात ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती, सटाण्याकडची. बाळाला उचलण्याआधी दर वेळी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायची.

मला दूध उतरलं नव्हतं आणि माझा मुलगा रडून लालबुंद झाला होता. आमच्याकडे अशा वेळी दुसरी बाळंतीण बाळाला पाजते. सासूबाईंनी त्याला तिच्यापुढे धरलं. "पोरी, घे गं जरा पदराखाली."

काहीतरी निमित्त सांगून ती सुटली असती. पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, मला एचआयव्ही हाय. मी गोळ्या घेते, लेकीलाबी औषध देते, म्हणून तिला पाजते. तुमच्या नातवाला नाय पाजणार."

ती मान ताठ ठेवून बसली होती. "सासरी सांगितलं तेव्हा काय घाबरायचं ते घाबरले मी," ती म्हणाली. "आता नाय."

सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या माझ्या सासूबाई तिच्या खाटेजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "पाजू नको. पण तुझे हात गरम असतात. धर त्याला."

तिने तळहात घासले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि हक्काने हात पुढे केले.