पेठची वही

टेंभेकर सर आमच्या ग्रंथालयात पहिल्यांदा आले ते भांडायला. हातात पाककृतींचं एक जुनं पुस्तक होतं. ते त्यांनी काउंटरवर उघडलं, माझ्यासमोर एकेक पान उलटलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "काही नाही सर. स्वच्छ आहे पुस्तक."

"तेच म्हणतोय. मागच्या कागदावर साठ-सत्तर शिक्के आहेत. साठ-सत्तर घरांत जाऊन आलेलं पाकपुस्तक, आणि एकाही पानाला तेलाचं बोट नाही? गावित, तुमच्याकडे वाचक येत नाहीत. दुपारी झोप लागत नाही अशी माणसं येतात."

आडनाव त्यांनी माझ्या खिशावरच्या पट्टीवर वाचलं होतं. डाग पडलेलं पुस्तक आम्ही परत घेत नाही, हा नियम मी त्यांना ऐकवला. "मग पाटी बदला," ते म्हणाले, "लॉन्ड्री लिहा." मी हसलो. पुढची अकरा वर्षं मी तसाच हसत राहिलो, हे आधीच सांगून टाकतो.

सर इतिहासकार होते. स्थानिक वर्तमानपत्रात दर रविवारी पुस्तकांवर आणि खाण्यावर लिहायचे. त्यांचा खरा जीव मात्र जुन्या घरांतल्या स्वयंपाकाच्या वह्यांमध्ये होता. पंचवटीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुरोहितांच्या, वकिलांच्या, सराफांच्या घरांतून मागून आणलेल्या चाळीसएक वह्या स्टीलच्या कपाटात बंद असत. वही हातात आली की ते अक्षर वाचत नसत. खिडकीपाशी नेऊन पान तिरकं धरत आणि डाग बघत. तेलाचा, हळदीचा, चिंचेचा, दुधाचा असे डाग ते वेगवेगळे ओळखत. "डाग नसलेलं पान म्हणजे न शिजलेला पदार्थ," असं त्यांचं म्हणणं होतं. "या बाईंनी श्रीखंडाच्या पाच कृती लिहिल्यात, पाचही पानं कोरी. पिठल्याचं पान बघा, आरपार दिसतं. घरात काय शिजत होतं ते कळलं ना? बाकी सगळं व्याह्यांना दाखवायला."

हे ऐकताना माणूस भारावून जायचा. मीही गेलो. रविवारी सकाळी मी नाशिक रोडहून त्यांच्याकडे जायचो, वह्यांची सूची करायचो आणि त्यांचा तुच्छतेचा रतीब ऐकायचो. एका जाडजूड ग्रंथाबद्दल ते म्हणाले होते, "या प्राध्यापकांनी सहाशे पानं सगळ्या सरदारांना जेवू घातलंय, पण मीठ कुठून आलं ते एका ओळीत नाही. सगळे अळणीच जेवून लढायला गेले." पुस्तक प्रकाशनाच्या समारंभांना ते मागच्या रांगेत बसत. "गर्दी बघून लेखक खूश आहे. वडे संपू द्या, मग वाङ्मयप्रेम मोजू." मिसळीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा. "परगावचा माणूस मला गाठतो आणि मिसळ कुठे चांगली मिळते विचारतो. एकानेही अजून ग्रंथालय कुठे आहे ते विचारलेलं नाही. आपली ओळख आता तर्रीवर तरंगते, गावित."

आणि हा माणूस स्वतः काय खायचा? सर एकटे होते. दोन्ही वेळा मेसचा डबा. खाण्याच्या इतिहासावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या या माणसाला वरणाला फोडणी देता येत नव्हती. डबा उघडायचा, प्रत्येक वाटीचा पाणउतारा करायचा, "ही भाजी नाही, भाजीची आठवण आहे," असं काहीतरी म्हणायचं आणि पोळीच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून घ्यायची. मी समोर बसून हे बघायचो. मनात त्यांची टिंगल करायचो आणि तोंडाने "वा सर" म्हणायचो. त्यांच्या तुच्छतेत एक सोय होती. ते ज्यांना हसत त्यांना मीही हसलो की तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूचा व्हायचो. पेठ तालुक्याच्या डोंगरातून आलेला, खेकडे आणि रानभाजीवर वाढलेला ग्रंथालयाचा कारकून मी, अमुक वकिलीणबाईंच्या वहीला नावं ठेवत खिदळायचो. आज त्याची किळस येते.

त्यांचं मोठं पुस्तक पुरं होत आलं होतं: नाशिक जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांचा इतिहास. एका रविवारी मी धीर करून विचारलं, "सर, यात पेठ-सुरगाण्याकडचं काही नाही?"

ते वर न बघता म्हणाले, "तिकडची वही कुठंय? कागद नसेल तर मी काय लिहू? ज्या घरात वही नाही त्या घराला स्वयंपाकाचा इतिहास नसतो. भूक असते, आणि भूक सगळीकडे सारखीच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आईची आहे."

माझ्या आईला सही येत नाही.

त्यांना तिथेच सांगायचं होतं, की माझ्या घरात वही नव्हती आणि तरी माझी आई बारा महिने रोज वेगळं काहीतरी रांधत होती. तेवढं धैर्य असतं तर पुढचं काही झालं नसतं. मी ग्रंथालयाच्या रद्दीतून एक जुनी, पिवळी पडलेली कोरी वही काढली. आई तेव्हा आमच्याकडेच राहायला आली होती. तिला म्हटलं, एक साहेब पुस्तक लिहितायत, तुझं सांग. ती खुलली. एवढ्या वर्षांत मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. नागलीची म्हणजे नाचणीची भाकर, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, खेकड्याचं कालवण असं सांगत ती कडू कंदावर आली. तो कसा खणायचा, कसा धुवायचा हे तिने दोनदा सांगितलं. मी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. कंद म्हणजे धान्य संपल्यावर खायची गोष्ट. ती सरांच्या हातात द्यायची मला लाज वाटली. त्याऐवजी मी अक्षराचं वळण बदलून तुपातले नागलीचे लाडू लिहिले. काजू-बेदाणे घातलेली नागलीची खीर लिहिली. माझ्या लहानपणी बेदाणा दिसला असता तर आम्ही त्याला किडा समजून फेकला असता.

मग डाग पाडले. गॅलरीत बसून तेल, हळद, चिंचेचं पाणी चमच्याने टाकलं, उन्हात वाळवलं, परत टाकलं. आई बघत होती.

"काशा, वहीवर त्याल कशाला वततो रं?"

"साहेबांचं काम आहे आई."

"साहेबाला त्याल लागतं व्हय? मंग वाटीत दे की."

पुढच्या रविवारी सरांनी ती वही खिडकीपाशी नेली. पान तिरकं केलं. एकेक पान उलटत ते खिरीपर्यंत आले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ झाला. "गावित, ही खरी वही आहे. खिरीचं पान बघा. ही बाई नुसती लिहीत नव्हती, रांधत होती."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हवं. अपराधी वाटलं नाही. मला त्यांची कीव आली, आणि मजा वाटली. चाळीस घरांच्या बायकांना कोऱ्या पानावरून खोटं ठरवणारा हा माणूस चमचाभर चिंचेच्या पाण्याने गारद झाला होता. मी खाली आलो, नदीपर्यंत चालत गेलो आणि एकटाच हसलो.

पुस्तक निघालं. त्यात पेठवर अख्खं प्रकरण होतं आणि खिरीच्या पानाचा फोटो. आईचं नाव छापू नका, अशी विनंती मी केली होती. सरांना तो विनय वाटला. पण "लेखिकेला तिची प्रत हातात द्यायची असते" म्हणून ते आमच्या घरी यायला निघाले. आईला बरं नाही, घरात रंगकाम आहे, अशी दोन-तीन कारणं मी सांगून पाहिली. ते रिक्षा करून थेट दारात आले.

आईने त्यांना भाकरी वाढली, चटणी वाढली. त्यांनी नावं न ठेवता खाल्लं. हात धुऊन त्यांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, फोटो दाखवला. "बाई, ही तुमची वही."

"माझी कुठली वही, साहेब?" आई हसली. "मला आंगठा येतो निस्ता. मी सांगितलं, काशानं लिवलं. आन कंदाचं हाय ना यात? त्ये दोनदा सांगितलं व्हतं म्या."

मी भिंतीकडे बघत होतो. सर माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं. "नाही बाई. ते राहिलं. मला परत सांगा."

"नागली संपली का मंग कंद. काप करायचं, राखंच्या पाण्यात उकडायचं, टोपलीत भरून वहळात ठेवायचं. दोन राती. पाणी वाहतं पायजे, साचलेलं नाय चालत. मंग एक काप आपण आधी खायचा. घसा खाजला का परत पाण्यात. नाय खाजला तं पोरांना वाढायचा."

"आपण म्हणजे कोण?"

"म्हंजे मी. दुसरं कोण? धनी बाहेर कामाला, पोरं ल्हान."

"आणि अंदाज चुकला तर?"

"दोन दिस घसा धरतो. बोलता येत नाय. ह्या पोरांना वाटायचं, आई रागावली."

मला ते दिवस आठवतात. आई बोलत नसे आणि आम्ही भावंडं कोपऱ्यात बसून, आपण काय केलं असेल याचा विचार करत असू. ती का गप्प असायची ते मला त्या दिवशी कळलं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्याने विचारल्यावर.

जिन्यात सर थांबले. "डाग छान पाडलेत. चिंचेचा तर उत्तम. आयुष्यभर ज्याची घमेंड केली ती विद्या तुम्ही गॅलरीत वाळवलीत, ते सोडा. कंद का गाळलात?"

"लाज वाटली सर."

"कोणाची? माझी?"

"हो."

"मूर्ख आहात," ते म्हणाले. "आणि तुम्हाला लाज वाटेल असा मी वागलो, म्हणजे मीही. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण काढून टाकेन. तोवर तोंड बंद ठेवा, मला बातमी व्हायचं नाही."

पण बातमी झालीच. काही महिन्यांनी पेठच्याच एका तरुण प्राध्यापिकेने पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. त्या डोंगरात त्या काळी बेदाणे कुठून आले, एवढा साधा प्रश्न लेखकाला पडला नाही, असं तिने विचारलं होतं. शेवटचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं: "टेंभेकरांनी पेठ पाहिलेलं नाही, कागदावर सांडलेली हळद पाहिली आहे." ज्यांना सरांनी वर्षानुवर्षं हिणवलं होतं ते सगळे जागे झाले. फोन करून लोक त्यांना खिरीची कृती विचारू लागले. वर्तमानपत्राने सदर थांबवलं. सरांनी संपादकांना दोन ओळींचं पत्र पाठवलं: परीक्षण लिहिणाऱ्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे, चूक सर्वस्वी माझी आहे.

मी धावत पंचवटीला गेलो. "सर, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

ते डबा खात होते. "तुमचं नाव घेण्याइतके तुम्ही मोठे नाही आहात, गावित. फसवणं कारकुनी काम आहे, कोणालाही जमतं. फसलो मी. इतिहासकार मी आहे." आणि आमटीची वाटी पुढे करून म्हणाले, "हे बघा, आज पाण्याला डाळीचा वास लावलाय."

ती दया होती की माझ्या वाट्याची शेवटची तुच्छता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवायची गरजही पडली नाही, कारण दोन्ही मला सोयीचं होतं. ग्रंथालयात लोक काउंटरला टेकून सरांची चेष्टा करत आणि मी पुस्तकांवर शिक्के मारत राही. एकाने तर विचारलं, "तुम्ही जायचात ना हो त्यांच्याकडे? म्हातारा अगदीच वेडा होता का?" मी म्हणालो, "वय झालंय." हे वाक्य मी उच्चारलं आहे.

गेल्या हिवाळ्यात सर आजारी पडले. शेवटच्या भेटीत आवाज बारीक झाला होता, जीभ तशीच होती. "ते प्रकरण काढलंय. जागा रिकामी आहे. भरायची तर तुमच्या आणि आईंच्या नावाने भरा, नाहीतर रिकामी राहू द्या. आणि माझ्यावर लिहाल तेव्हा मला चांगला माणूस करू नका. मेलेल्याला गोड करून वाढायची तुम्हा लोकांना खोड असते." आठ दिवसांनी ते गेले. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी त्यांच्या व्यासंगावर पाच मिनिटं बोललो आणि खाली बसलो. वहीबद्दल बोललो नाही.

आता दुसरी आवृत्ती छापायला जाते आहे. पेठच्या प्रकरणाच्या जागी आईने सांगितलेलं, तिच्या शब्दांत, तिच्या नावाने जाईल. त्याची सुरुवात कंदापासून आहे. तिला वाचून दाखवलं तेव्हा दोन ठिकाणी ती रागावली, तिथे दुरुस्त केलं आहे. त्याच्या आधीची ही पानं माझी. बेदाणे मी घातले होते, सरांनी नाही, हे मी माझ्या पूर्ण नावाने, काशिनाथ गावित म्हणून लिहून देतो आहे. प्रकाशकांनी विचारलं, नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत, नाव नको घालू या का? मी त्यांना घालायला सांगितलं आहे.

पुस्तक आलं की पहिली प्रत आमच्या ग्रंथालयातच येईल. तिची नोंद मला करावी लागेल आणि ती मागणाऱ्याच्या हातात मलाच द्यावी लागेल. मी सकाळी दहापासून काउंटरवर असतो.