ओळखीचं पेव

डोळा लागतो आहे, लागलेला नाही. दुपारचं जेवण अंगावर आलंय, पंखा एका लयीत कुरकुरतोय आणि शेजारच्या चटईवर नयना पाठ करून पहुडली आहे. अकोल्याची नयना. चार महिन्यांपूर्वी ग्रंथालयात ओळख झाली, आणि आज मी तिला माझं गाव दाखवायला भावाच्या घरी घेऊन आले आहे. सकाळी तिने माझ्या वडिलांबद्दल विचारलं, आबा कशाने गेले? मी म्हटलं, तापाने. ती नुसती "हं" म्हणाली. त्या हुंकारात काय होतं, ते मी पापण्यांआड उलटंसुलटं करून बघते आहे. एवढं कशाला विचारते ही बाई?

पंख्याची कुरकुर रहाटाची होते. मी नयनाला गाव दाखवत चालले आहे. आमच्याकडे हळद जमिनीच्या पोटात साठवायचे, मी सांगते. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, आत मात्र खोलीएवढी जागा. त्याला पेव म्हणायचं. मिटलेल्या पेवात हवा कुजते, म्हणून उघडल्यावर आधी दोराने कंदील सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरायचा, विझली तर नाही. नयना ऐकते आणि बोळाच्या वळणावर माझ्या आधीच वळते. हिला वाट कशी ठाऊक?

बोळ संपतो तिथे आमची शाळा लागते. खरी शाळा नदीपलीकडे आहे. वर्गात बाकं नाहीत. मधोमध पेवाचं उघडं तोंड, आणि काठावर पाय सोडून आबा बसलेत. आबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. डोक्याला तोच पंचा, नखांत तीच हळद. गेलेलं माणूस स्वप्नात बोलावायला आलं तर सोबत जाऊ नये, असं आई सांगायची. मी उंबऱ्यातच थांबते.

"ही कुठली म्हनायची?" आबा विचारतात.

"अकोल्याची. मैत्रीण आहे माझी."

"किती दिसांची?"

"चार महिन्यांची."

"हळद सुदिक नऊ म्हैनं घेती," आबा म्हणतात. मग पेवाकडे हात करतात. "बरं, चला. उतरा दोघी. गार हाय आत."

कंदिलावाचून आबांनी कुणाला काठावर पाय ठेवू दिला नव्हता. घाई करणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी एकदा दंडाला धरून मागे ओढलं होतं. हे आबा नव्हेत. आबांचा पंचा गुंडाळून दुसरंच कुणीतरी बसलंय. मी नयनाचा हात धरून मागे सरते, पण ती पुढे वाकते.

"कंदील कुठं आहे, काका?"

आबांच्या गालाला खळी पडते. ती त्यांचीच. "तुज्या आदी हिनं इचारलं, ताने."

आता कंदील त्यांच्या मांडीवर आहे, काच काळीकुट्ट. ते तो माझ्याकडे सरकवतात. लग्न होऊन जाईपर्यंत काच पुसणं माझंच काम होतं. मी दोन बोटं आत घालते, आणि तेव्हा गुणगुणायचे ती ओवी आपसूक जिभेवर येते.

माझ्या माहेराची माती, पिवळी गं पोटातून
बाप उतरे खोलात, दोर माझ्या हातातून

"आबा, त्या दिवशी कंदील सोडला होता का?"

हे विचारायला मला एकोणीस वर्षं लागली आहेत. गाव म्हणतं, सगळ्यांना शिकवणारा स्वतः दिव्यावाचून उतरला आणि आतच गुदमरून गेला. भाऊ म्हणतो, गाव खोटं बोलतं. मी ताप सांगते आणि विषय मिटवते.

"न्हाई सोडला."

"का?"

"परक्या पेवात सोडायचोच की. ह्ये आपलं, चाळीस वर्सांच्या वळखीचं. म्हनलं, ह्याला काय दिवा दावायचा."

मी काच पुसत राहते.

"तू काय सांगतीस लोकांस्नी?"

"ताप."

"आनि संशेव हिच्यावर घेतीस व्हय?" आबा पंचा आवळतात. "मानसातबी आदी दिवा सोडायचा, ताने. ऱ्हातो का बगायचं. निसतं काठावर बसून काय कळतंय?"

आणि ते उतरतात. माझ्या हातात दोर आहे हे मला तेव्हा कळतं, तो सरसर सुटत जातो तेव्हा.

पंखा. भिंतीवर चारचं ऊन. नयना उठून बसली आहे, माझ्याकडेच बघते आहे.

"काहून दचकली?"

मी उत्तर देणार तोच माझं लक्ष हाताकडे जातं. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही काळी. चोळते तर काजळी पसरते, रॉकेलचा वास येतो. भावाच्या या नव्या घरात कंदील कधी नव्हताच.

नयनाही बोटांकडे बघते. विचारत मात्र काही नाही. दिवसभर विचारणारी ही आत्ताच गप्प कशी, असं पुन्हा माझ्या मनात येतं. ते मी तिथेच सोडून देते.

"नयना, आबा तापाने गेले नाहीत."

वाक्य खाली सोडते आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. ती चटईवरून सरकत माझ्याजवळ येते.

"सांग," ती म्हणते.

काळी बोटं तशीच मांडीवर ठेवून मी सांगायला लागते.