ट्रेमधला कूलंट

ट्रेमधला कूलंट कमी झालेला मला दिसला होता. सांडला असेल, असं मी धरून चाललो.

मी बनारसमध्ये मोटर मेकॅनिक आहे. घरी जाऊनही कामं करतो. त्या दिवशी आपटे गुरुजींकडे होतो. पत्नीला जिने चढवेनात म्हणून गुरुजी ब्रह्मा घाट सोडून महमूरगंजला आले होते. वर्षभरात त्या गेल्या. घरात उरले गुरुजी आणि भुरी नावाची कुत्री.

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी. ते जुनं झालं की काढायचं, आतून साध्या पाण्यानं धुवायचं, म्हणजे फ्लश करायचं, आणि नवं भरायचं. मी गाडीखाली ट्रे ठेवला, रेडिएटरचा ड्रेन कॉक उघडला. तेवढ्यात गुरुजींनी चहाला बोलावलं. मी आत गेलो. परत येऊन दोनदा फ्लश केलं, नवा कूलंट भरला, निघालो.

संध्याकाळी फोन आला. "अरे दिनकर, भुरी झोकांड्या देतेय. दोनदा ओकली."

ट्रे डोळ्यांसमोर आला. तरी मी म्हणालो, "शिळं काही खाल्लं असेल, गुरुजी."

सकाळी ती बरी दिसली म्हणे. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा गुरुजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "इसने कुछ पिया था क्या?"

"नाही हो, घरचंच खाते ती," गुरुजी मराठीतच बोलून गेले.

मग मी सांगितलं. सगळं.

"कूलंट मीठा होता है, जानवर चाट लेते हैं," डॉक्टर म्हणाले. "उसी शाम बताते तो कोशिश करते. अब किडनी जवाब दे चुकी है."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुला फोनवरच कळलं होतं?"

"शंका आली होती."

ते भुरीच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. दुपारी भुरी गेली.

गाडीचं काम ते अजूनही मलाच देतात. चहा देतात, पण समोर बसत नाहीत.

काढलेला कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरायचा, हे मला उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चूक झाली तर त्याच क्षणी सांगायची, हे कोणी शिकवायची गरज नव्हती.