अर्जदार या पत्त्यावर राहत नाही

अमरावतीत अंबागेटच्या आत, शेवटच्या गल्लीत, उद्धव असनारे मास्तर एकटे राहतात. एकटे म्हटलं की गल्ली हसते, कारण मास्तरांच्या खोलीत एक कुत्रीही राहते. तपकिरी, एका कानाला खाच पडलेली, कोणत्याच जातीची नाही. मास्तर तिला चंपी म्हणतात. गल्ली तिला मास्तरीण म्हणते. लग्न न झालेल्या माणसाला टोमणा मारायला याहून स्वस्त काय मिळणार? सकाळी दोघं फिरायला निघाले की पानठेल्यावरून कोणीतरी विचारतोच, "काय मास्तर, मास्तरीणबाई बऱ्या हायेत ना?" मास्तर मान वर न करता निघून जातात. त्या नावाचा त्यांना मनापासून राग आहे.

लग्न का झालं नाही हे मास्तरांना विचारू नका, शाळा चालवणाऱ्यांना विचारा. विनाअनुदानित शाळेत गणित शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. अनुदान येणार, यंदा नक्की येणार, असं म्हणत म्हणत संस्थाचालकांनी बंगला बांधला आणि मास्तरांनी ट्यूशनवर पोट भरलं. मुलगी पाहायला गेले की मुलीचा बाप पहिल्यांदा विचारायचा, शाळा अनुदानावर आली काय? मास्तर खोटं बोलत नसत. पोहे खाऊन परत यायचे. पुढे पोह्यांची बोलावणीही थांबली. आई होती तोवर घरात दोन शब्द होत. आई गेल्यावर घर मुकं झालं. मग लॉकडाऊनमध्ये ही कुत्री दारात येऊन बसली, ती उठलीच नाही. मास्तर तिच्याशी बोलू लागले, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं की आपला आवाज घोगरा झालाय.

दोन वर्षांमागे चंपीला मोटरसायकलची धडक बसून पाय मोडला. पैसे तिथल्या तिथे लागत होते. मास्तर संस्थेच्या सचिवाकडे गेले. त्या गृहस्थानं त्यांना व्हरांड्यात उभं ठेवलं, स्वतःचा चहा संपवला आणि मग पैसे दिले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाला, "असनारे सरांनी जन्मात एकदाच हात पसरला, तो पण कुत्रीसाठी." लोक हसले. मास्तरांनी ट्यूशनच्या पैशातून ते पैसे फेडले, पण ते हसणं काही फिटलं नाही. पुन्हा कोणाच्या व्हरांड्यात उभं राहायचं नाही, एवढं त्यांनी मनात पक्कं केलं.

यंदा दिवाळीनंतर चंपीच्या पोटाखाली गाठ निघाली. अमरावतीतल्या डॉक्टरांनी अकोल्याचा एक खाजगी दवाखाना सुचवला. धर्मेंद्र नावाचा मास्तरांचा जुना विद्यार्थी भाजीची पिकअप घेऊन अकोल्याला जातो. त्याच्या गाडीत, केबिनमध्ये मांडीवर चंपीला घेऊन, मास्तर बडनेरा, मूर्तिजापूर करत पोचले. तिथल्या डॉक्टर गीतांजली मॅडमनी गाठ दाबून पाहिली. म्हणाल्या, रक्त कमी आहे, आत्ता भूल झेपणार नाही. औषधं द्या, थोडी ताकद येऊ द्या, मग ऑपरेशन करू. जायच्या वेळी मात्र त्यांनी मास्तरांना थांबवलं.

"मधेच गाठ फुटली तर त्याच दिवशी घेऊन या. त्या दिवशी पैसे जमवत बसू नका."

खर्च ऐकल्यावर मास्तर बडनेऱ्यापर्यंत मनात ट्यूशनचे पैसे मोजत आले.

क्रेडिट कार्डाचा विचार त्याच वाटेवर आला. व्याज कसं चढतं हे गणिताच्या मास्तराला कोणी सांगायची गरज नव्हती. कार्ड म्हणजे सावकारच, आणि हप्ता चुकला तर गावच्या सावकाराच्या वर. पण तो व्हरांड्यात उभं ठेवत नाही आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलत नाही. मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं.

राजकमल चौकात मोठी छत्री लावून कार्डवाली पोरं बसतात. मास्तर तिथे जाऊन उभे राहिले. त्यांच्या चपला पाहून पोरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग धंदा मंदा होता म्हणून एकानं बसायला स्टूल दिलं. एका कार्डावर विमानतळाच्या गारेगार हॉलमध्ये फुकट बसायची आणि खायची सोय होती.

"मी विमानात बसत नाही."

"आता बसा ना सर, बेलोऱ्याहून विमान सुरू झालं की."

दुसऱ्या कार्डावर पेट्रोल स्वस्त होतं, आणि मास्तरांची सायकल. आणखी एक कार्ड खास कुत्र्या-मांजरांच्या मालकांसाठी होतं. मास्तर स्टुलावर पुढे सरकले. पाहतात तर त्यात डॉक्टरच्या बिलाचं काही नव्हतंच, डबाबंद खाण्याची कुपनं होती आणि ती चालणारी दुकानं सगळी मुंबई-पुण्याची. चंपी पोळी खाते, तीही कालची असली तरी चालते. मास्तरांनी तो कागद घडी करून परत दिला.

घरी येऊन त्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात फोन लावला आणि कार्ड घासायचं मशीन आहे का, ते विचारलं. कम्पाउंडर म्हणाला, मशीन आहे, पण त्याच्या मर्जीनं चालते. स्कॅनर मात्र बंद पडत नाही. मग मास्तरांनी मोबाइलवर शोध शोध शोधून असं कार्ड निवडलं, जे घासताही येतं आणि स्कॅनरवरही चालतं. वर्षाची फी नाही, मोठ्या बिलाचे हप्ते पाडून मिळतात. विमानतळ नाही, कुपनं नाहीत. ट्यूशनच्या कमाईचा रिटर्न ते दरवर्षी भरत, त्यामुळे कागद पुरे होते.

बँकेतून रागिणी नावाच्या मुलीचा फोन आला. तिला शहरातल्या दोन ओळखीच्या माणसांची नावं हवी होती. मास्तरांनी मुख्याध्यापकांचं नाव दिलं. दुसरं सुचेना. ते म्हणाले, ती जागा कोरी ठेवा.

"सर, कोणीतरी एक तर असेल ना."

"बाई, मला कार्ड पाहिजे. बारशाचं बोलावणं देत नाही मी."

पोरगी हसली आणि तिनं काहीतरी करून अर्ज पुढे सरकवला. आता बँकेचा माणूस घर पाहायला येईल, असंही तिनं सांगितलं. मास्तरांनी गल्लीत कोणाला याचा वासही लागू दिला नाही. कुत्रीसाठी कर्ज काढतोय हे पानठेल्यावर कळलं असतं, तर पुढचं वर्ष निघालं नसतं.

ते चंपीचं रक्त तपासायला पुन्हा अकोल्याला गेले होते, नेमका त्या दिवशी तो माणूस येऊन गेला. आठवडाभरानं मेसेज आला, अर्ज नामंजूर. मास्तरांनी रागिणीला फोन लावला. तिनं कुठंतरी पाहून अडखळत वाचून दाखवलं, "अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. शेजाऱ्यांकडून खात्री केली." या बँकेत आता काही महिने पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

शेजारी म्हणजे कोण, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. समोरच्या ओट्यावर दिवसभर दुर्गाबाई बसलेल्या असतात. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या. पोराला इथं नोकरी लागली म्हणून आल्या, आणि शेतात जसं सगळीकडे लक्ष ठेवायच्या तसं गल्लीवर ठेवतात. त्यांच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया चंपीनं एकदा खाल्ल्या होत्या. बाईंनी खराटा फेकून मारला, तेव्हा मास्तर संतापून बोलून गेले, कुत्र्याच्याच लायकीच्या होत्या म्हणून तिनं खाल्ल्या. तेव्हापासून दोन्ही दारं समोरासमोर असून बोलणं बंद.

मास्तर गल्ली ओलांडून गेले. बाई मेथी निवडत होत्या. बँकेच्या माणसाला माझ्याबद्दल काय सांगितलं, असं मास्तरांनी उभ्या उभ्या विचारलं.

दुर्गाबाईंनी जुडी खाली ठेवली. "बँकेचा होता काय तो?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाठीला बॅग, हातात कागद, मोटरसायकल चालूच ठेवलेली, आणि नाव घेऊन विचारतोय असनारे कुठे राहतो म्हणून. असा माणूस कोण असतो हे या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. बचतगटाच्या नावावर कर्ज वाटणाऱ्या कंपन्यांचे वसुलीवाले इथं दर आठवड्याला येतात आणि बायांच्या दारात बसून राहतात. म्हणून गल्लीनं न ठरवता ठरवलंय, विचारणाऱ्याला कोणी कोणाचा पत्ता द्यायचा नाही. भांडण असलं तरी नाही.

"मले वाटलं, मास्तर कुठीतरी फसला. मनून सांगतलं, गेला बाप्पा खोली सोडून, कुठी गेला मालूम नाई. पानठेलेवाल्यानं बी तेच सांगतलं." बाईंचा आवाज चढला. "तुमी सांगून नाई द्याचं काय? तोंडाले कुलूप लावून फिरता, मंग आमाले कसं समजीन?"

मास्तर भांडायला आले होते. ते भांडण हातातच राहिलं. इतकी वर्षं या गल्लीत राहून तिचा कायदा आपल्यालाही लागू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते वळले, तशा बाई मागून म्हणाल्या, "अजून एक विचारत होता. घरचं कोनी हाय काय मनून."

"मग?"

"सांगतलं, त्याचं कोनी नाई."

बाईंनी मान खाली घालून पुन्हा मेथी घेतली. त्या दिवशी त्या माणसाला त्यांनी सांगितलेलं तेवढंच खरं होतं. मास्तर घरी आले, चंपीला औषध पोळीत गुंडाळून दिलं आणि संध्याकाळच्या ट्यूशनच्या पोरांना, आज बरं नाही म्हणून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते राजकमल चौकात गेले. लवकर मिळेल असं एकच कार्ड त्या पोराकडे होतं, विमानतळवालं. फी होती, पण आता निवडत बसायला वेळ नव्हता. ओळखीच्या माणसाची जागा आली तेव्हा मास्तर अर्ज तसाच घेऊन घरी आले आणि समोरच्या ओट्यापाशी थांबले.

"तुमचा मोबाइल नंबर द्या."

"काहून?"

"बँकेला द्यायचा आहे. विचारायला येतील."

"मंग मी काय सांगू?"

"राहतो म्हणा."

बाईंनी नंबर दिला. पुढचं काही विचारलं नाही. नवा माणूस आला तेव्हा पानठेलेवाल्यानं सवयीनं, इथं असनारे-बिसनारे कोणी नाही, म्हणून सुरुवात केलीच होती. दुर्गाबाई ओट्यावरून ओरडल्या, "अबे राहते तो! लिही, राहते मनून." मास्तर आत खिडकीशी उभे होते. तो माणूस दारात येईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

कार्ड आलं. पाकिटावर विमानाचं चित्र होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चंपी उठलीच नाही. गाठ फुटून खालची सतरंजी ओली झाली होती. मास्तरांनी धर्मेंद्रला फोन केला, तिला चादरीत उचललं आणि निघाले. मूर्तिजापूरच्या पुढे तिनं डोळे मिटले, तेव्हा धर्मेंद्रनं न सांगता गाडी जोरात घेतली. दवाखान्यात मॅडमनी पाहिलं आणि तिला सरळ आत नेलं. धर्मेंद्रला बाजार गाठायचा होता, तो गेला.

काउंटरवर मास्तरांनी कार्ड पुढे केलं. मशीनची त्या दिवशी मर्जी होती. कागदाची चिठ्ठी निघाली, कम्पाउंडरनं ती फाडून दिली, संपलं. कोणी उभं ठेवलं नाही. कशासाठी म्हणून कोणी विचारलं नाही. मास्तरांनी हा क्षण किती दिवस मनात घोळवला होता. आपण ताठ मानेनं कार्ड काढू, देऊ. ते ताठ मानेनंच उभे होते, पण कम्पाउंडरनं वर पाहिलंच नाही.

"सोबत कोण आहे?" त्यानं सहीसाठी पेन देत विचारलं.

"मीच."

विमानतळावरच्या गार हॉलचं कार्ड खिशात ठेवून मास्तर बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. शेजारी एक कुटुंब बकरी घेऊन आलं होतं. आजी, सून, दोन पोरं, सगळेच. त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि मास्तरांना विचारलं. मास्तर नको म्हणाले. नको म्हणायची जिभेला सवयच झाली होती, भूक मात्र होती. फोन वाजला, तो बँकेचा मेसेज. व्यवहाराबद्दल धन्यवाद.

दुपारी मॅडम बाहेर आल्या. गाठ निघाली, शुद्धीवर येतेय, आज राहू द्या, उद्या न्या. मास्तर मान हलवत राहिले. मॅडम आत गेल्यावर हे कोणालातरी सांगावं असं त्यांना वाटलं, आणि फार जोरात वाटलं. धर्मेंद्रचा फोन बाजारात लागेना. मुख्याध्यापकांना कुत्रीचं काय सांगणार? ते नंबर वर-खाली करत राहिले. त्यात बँकेचे नंबर होते, ट्यूशनच्या पालकांचे होते. आणि अर्जात लिहायला घेतलेला एक होता.

"कोन?"

"उद्धव असनारे."

"कोन?" दुर्गाबाईंनी पुन्हा विचारलं.

"मास्तर."

"हं. सकाळीच कुठी गेले? काय झालं?"

आतल्या काचेतून चंपी दिसत होती, पोटाला पट्टा, जीभ बाहेर. मास्तरांना चंपी म्हणायचं होतं. पण बाईंना ते नाव ठाऊक नव्हतं, गल्लीत कोणालाच नव्हतं.

"मास्तरीण जगली," ते म्हणाले.

तिकडे कुकरची शिटी झाली.

"दार उघडंच टाकून गेले तुमी. मी कडी लावून घेतली," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मास्तरांना अजून थोडं बोलायचं होतं. बकरीवाले सामान आवरत होते. त्यांच्या आजीनं पुन्हा विचारलं, भाऊ, अर्धी भाकर उरली, घेता काय. मास्तरांनी हात पुढे केला.