अरुणच्या दुनळीवरची तक्रार

बंदूक पोचल्याच्या एकोणिसाव्या दिवशी ती विकत घेणाऱ्या ओहायोवाल्याचा सहावा मेसेज आला आणि सुनेत्राच्या हातातला चहा तसाच गार झाला. आता त्याला दुरुस्तीचे चारशे तीस डॉलर हवे होते. आधीच्या पाच मेसेजेसमध्ये त्यानं काढायची तेवढी खुसपटं काढून झाली होती. लाकडी दस्त्यावर ओरखडा आहे म्हणे. होताच. जाहिरातीतल्या सातव्या फोटोत तो जवळून दाखवला होता आणि खाली लिहिलंही होतं. मग खांद्याला टेकायचं रबर कडक झालंय म्हणे. बावीस वर्षांच्या बंदुकीचं रबर काय लोण्यासारखं मऊ राहणार होतं? मग चाप जड लागतो, कधीकधी अडकतोच. मग बरोबर आलेली पेटी जुनी आहे. आता पेटी जुनी आहे म्हणून तक्रार करणाऱ्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

बंदूक ऑनलाइन विकली होती ती ‘वापरलेली, आहे तशी’ असं स्पष्ट लिहून. हातात आल्यापासून तीन दिवसांत तपासा, पसंत नसेल तर एकही काडतूस न उडवता परत पाठवा, हेही ठळक अक्षरांत होतं. या पठ्ठ्यानं ते तीन दिवस सोडले, दोन रविवार नेमबाजीच्या रेंजवर जाऊन चांगली शंभर काडतुसं उडवली, हौस भागवून घेतली, आणि मग त्याला बंदुकीत दोष दिसायला लागले.

सुनेत्रा खांबेटे तशी कोणाच्या ऐकण्यातली बाई नव्हती. टेक्सासमध्ये शुगर लँडला एका डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कवर तिनं एकोणीस वर्षं काढली होती. दाढ काढून घेतल्यावर महिन्यानं येऊन ‘ती परत बसवून द्या’ म्हणणारी माणसं तिनं पाहिली होती, आणि त्यांना चढ्या आवाजात न बोलता दारापर्यंत पोचवलंही होतं. खरी तक्रार कुठे संपते आणि नाटक कुठे सुरू होतं, ते तिला दोन वाक्यांत कळायचं. पण ही बंदूक अरुणची होती, आणि तिथे तिचं डोकं थंड राहत नव्हतं.

अरुण म्हणजे तिचा नवरा. तेलकंपनीत इंजिनियर होता, गेल्या ऑगस्टमध्ये गेला. त्रेचाळिसाव्या वर्षी ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला क्लबवर नेलं, आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायचा त्याला असा नाद लागला की शनिवार गेला तो गेलाच. पाखरावर त्यानं कधी नेम धरला नाही. अंडंसुद्धा न खाणारा, डब्यात पोहे नेणारा हा माणूस बघून सुरुवातीला क्लबातले लोक गालात हसायचे. पुढे तेच लोक आपापल्या बंदुका घेऊन त्याच्याकडे यायला लागले, साफ कशी करतोस ते दाखव म्हणून. क्लबात नेमबाज पुष्कळ होते, पण ‘अरुणच्या बंदुकीइतकी स्वच्छ’ असं म्हणायची तिथे पद्धतच पडून गेली. त्याच्या अंत्यविधीलाही दोन जणांनी तेच सांगितलं. परक्या देशात नवऱ्यानं कमावलेलं ते नाव सुनेत्राला घरादारापेक्षा मोठं वाटायचं.

म्हणूनच जाहिरातीत तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या दिवंगत नवऱ्याची. प्रत्येक वापरानंतर साफ केलेली.’ क्लबातले सगळे याच साइटवर घेतात-विकतात आणि कॉफी पिता पिता एकमेकांचे रिव्ह्यू वाचतात. सहाव्या मेसेजमध्ये त्या माणसानं नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. बंदूक उघडल्यावर आत दिसणाऱ्या खाचांचा फोटो होता. खाचांत तांबडं काहीतरी साचलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘आत गंज आहे. तुमच्या नवऱ्यानं ही कधी उघडूनही पाहिली नसावी. शुक्रवारपर्यंत पैसे द्या, नाहीतर हे रिव्ह्यूत लिहितो.’

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चष्मा न लावताच तिनं उत्तर ठोकून दिलं, की बावीस वर्षांत या बंदुकीला गंज शिवलेला नाही, तेव्हा दुसऱ्या कुठल्या बंदुकीचे फोटो मला दाखवू नका.

दुपारी जर्सी सिटीहून मुलाचा, निमिषचा, फोन आला. त्याला लंच ब्रेक होता.

“आई, जस्ट ब्लॉक हिम यार. ॲज-इज म्हणजे ॲज-इज. त्याची केसच नाही.”

“ब्लॉक केलं तर तो लिहील.”

“लिहू दे. हू रीड्स दॅट स्टफ?”

“बाबाचे सगळे मित्र वाचतात,” सुनेत्रा म्हणाली. “तुझ्या बाबानं बंदूक कधी उघडली नाही असं ते वाचतील, आणि सांगायला बाबा नाही.”

निमिषनं मग सुचवलं, ज्या दुकानातून बंदूक पाठवली तिथे फोटो दाखव. दोन राज्यांतल्या माणसांमध्ये ऑनलाइन सौदा झाला तरी बंदूक जाते ती लायसन्सवाल्या दुकानातूनच, आणि तिथला वेन अरुणला चांगला ओळखायचा.

बाहेर मे महिन्याची चिकट गरमी होती. गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. पूर्ण रस्ताभर ती त्या ओहायोवाल्याशी मनातल्या मनात भांडत गेली आणि एक वळण चुकली. दुकानात पोचली तेव्हा वेन काउंटरवर टेकून सँडविच खात होता. त्यानं हात पुसले, तिचा फोन घेतला आणि फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

“मिसेस खांबेटे, हा गंज नाही,” तो म्हणाला. “गंज लोखंडाला खातो. हे नुसतं वर बसलंय, तेलात कालवल्यासारखं. कसली तरी पावडर आहे. बाजूला थोडं पिवळंही दिसतंय बघा. आणि हा पांढरा कण कसला, तांदूळ आहे का?”

सुनेत्रानं चष्मा लावला. मग तिनं फोटो आणखी मोठा केला, आणि कुंकू ओळखलं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा करायची, हे तिच्या माहेरापासून चालत आलेलं. इथे आल्यावर गाडी आणि लॅपटॉपबरोबर बंदूकही पाटावर यायला लागली. बंदूक रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून अरुण ती मधल्या बिजागरीवर वाकवून, उघडी ठेवायचा, आणि सुनेत्रा तिच्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये अर्धा तास त्याचा ब्रश चालायचा. “तुझी भक्ती उतरवतोय,” असं तो आतूनच ओरडून सांगायचा.

गेल्या ऑक्टोबरला अरुण नव्हता. सवयीनं तिनं बंदूक काढली, तो ठेवायचा तशीच उघडून पाटावर ठेवली, आणि ऊर भरून आला म्हणून कुंकू जरा जास्तच वाहिलं. संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसली आणि तिजोरीत ठेवून दिली. ती साफ करायची असते हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तो भाग नेहमी त्याचा होता. सात महिने ते कुंकू तेल पिऊन आतल्या खाचांत घट्ट होत बसलं. म्हणजे चाप खरंच अडकत होता. त्या भिकार माणसाच्या सहा मेसेजेसमधली एक तक्रार खरी निघाली होती, आणि ती चूक तिच्या हातून झाली होती.

तिनं सगळं सांगितल्यावर वेननं टोपी काढून डोकं खाजवलं. “तुम्ही काही बोलूच नका. मुदत केव्हाच गेली आहे. तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही.”

“माझं नाही, वेन. अरुणचं होतंय.”

घरी येऊन ती लिहायला बसली, आणि तो तास तिला आयुष्यभर आठवेल इतका चीड आणणारा होता. कुंकू म्हणजे काय, हे ज्या माणसाला पेटीसुद्धा नवी लागते त्याला इंग्रजीत कसं समजवायचं? ‘प्रार्थनेत वापरायची लाल पूड’ लिहिलं, तर घरात काही अघोरी चालतं असं वाटलं. ‘वर्षातून एक दिवस आम्ही आमच्या साधनांचे आभार मानतो’ लिहिलं, तर ते शाळेतल्या पुस्तकासारखं दिसलं. शेवटी तिनं सरळ लिहिलं. आतली घाण गंज नाही, पूजेची पूड आहे. ती माझ्याकडून आत गेली, नवऱ्याचा संबंध नाही. फोटो दुसऱ्या बंदुकीचा म्हणाले, त्याबद्दल माफ करा. साफ करून घ्यायचा खर्च पाठवते. ओरखडा, रबर आणि पेटीचा एक सेंटही देणार नाही. माफीच्या वाक्यावर तिचा हात दोनदा थांबला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘म्हणजे तुम्ही मान्य केलंत. मग आता पूर्ण चारशे तीस.’

खरं बोलल्याचं हे बक्षीस. तिनं वेनला विचारून साफसफाईचे नव्वद डॉलर पाठवले आणि खाली लिहिलं, ‘बाकीचं विसरा.’ त्यानं नव्वद गपचूप खिशात घातले आणि शुक्रवारची वाटही न बघता रिव्ह्यू टाकला. एक तारा. ‘आतून घाणीनं भरलेली बंदूक. आधीच्या मालकानं काळजी घेतली नाही. बायको आता देवाचं निमित्त सांगते आहे.’

साइटवर विकणाऱ्याला उत्तर द्यायला एकदाच मिळतं, आणि तेही दीडशे अक्षरांत. सुनेत्रानं आधी सगळं लिहिलं. एकोणीस दिवस, शंभर काडतुसं, सातवा फोटो, घेतलेले नव्वद डॉलर. साडेसहाशे अक्षरं झाली. पेटी काढली, रबर काढलं. तरी चारशे. मग तीन दिवसांची मुदत काढली. काडतुसं काढून तिनं एकदा परतही घातली, कारण तो तिचा सगळ्यात बिनतोड मुद्दा होता. प्रत्येक वाक्य खोडताना ती दातओठ खात होती. खोडता खोडता मागे राहिलं ते एवढंच:

‘अरुणनं ही बंदूक बावीस वर्षं स्वच्छ ठेवली. तो गेल्यावर ती फक्त माझ्या हातात होती. आतली घाण माझी आहे, त्याची नाही.’

तिनं अक्षरं पुन्हा मोजली, अरुणचं स्पेलिंग तपासलं आणि बटण दाबलं. क्लबातली माणसं आता हे वाचतील, मग बाईला काय म्हणायचं ते म्हणोत. त्या नालायक माणसाबद्दल एक अक्षरही लिहायला जागा उरली नव्हती, आणि तो राग तसाच घेऊन ती नवा चहा टाकायला उठली.